चिंचोक्यांचा हिशेब
(लहान मुलांचे त्रासदायक वागणे : ओळख आणि उपाय)



गेल्या पावसाळ्यानंतर मंडळीतील काही जण आमच्याबरोबर जव्हारकडच्या पाड्यांवर आले होते. परतताना गाडीत एका भगिनींनी मला हळूच विचारले, "ताई, त्या लहान पोराच्या कपाळावर एवढी गाठ कसली? घरात कोणी मारतं का त्याला?" कोणी मारत नव्हते. तो स्वतःच डोके आपटत होता, घराच्या मेढीवर, दिवसातून कधी दहा वेळा तर कधी तीस वेळा. रस्ता खराब होता, सगळे दमले होते, आणि मी त्यांना अर्धवटच उत्तर दिले. राहिलेले उत्तर आज लिहीत आहे.

मुलगा पाच वर्षांचा, वारली कुटुंबातला. नाव देत नाही. तो बोलत नाही. तीन वर्षांचा झाल्यावर चालायला लागला. आईवडील दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, होळीला चार दिवस येतात आणि पाऊस लागायच्या आत कायमचे परततात. मधले सगळे महिने मुलगा आजीजवळ. आजींचे वय त्यांनाही ठाऊक नाही. पाणी विहिरीवरून आणायचे, चूल पेटवायची, दोन शेळ्या सांभाळायच्या आणि हे पोर सांभाळायचे.

अशी मुले थोडी नाहीत. भारतातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी करून २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या ठिकाणांत हरियाणातील पलवल होते, हिमाचलातील कांगडा होते, ओडिशातील ढेंकनाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. मेंदूच्या वाढीशी निगडित नऊ प्रकारच्या अडचणी पाहिल्या गेल्या: स्वमग्नता (म्हणजे ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, फिट्स, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणी वगैरे. साधारण आठ मुलांमागे एकात यांपैकी निदान एक अडचण आढळली. यांतील सर्वच मुले डोके आपटत नाहीत हे उघड आहे. पण ज्या मुलाला बोलता येत नाही, सांगितलेले कळत नाही किंवा आवाज-गर्दी सोसत नाही, त्याच्या वागण्यात त्रास उमटण्याची शक्यता जास्त असते.

त्रासदायक वागणे कशाला म्हणायचे? दोन-अडीच वर्षांचे कोणतेही मूल जमिनीवर लोळण घेते. ते वाढीचा भाग आहे, काही महिन्यांत ओसरते. काळजी कधी करायची, तर वागण्याने मुलाला किंवा दुसऱ्याला इजा होते तेव्हा, वय वाढूनही ते कमी होत नाही तेव्हा, किंवा त्यापायी शिकणे, खाणे, झोपणे आणि घरच्यांचे जगणे अडते तेव्हा. डोके आपटणे, हाताला चावणे, दुसऱ्याला चावणे, तासन्‌तास किंचाळणे, घरातून पळून जाणे, माती-कोळसा खाणे, हे सगळे त्यात येते.

आता कारणांकडे येऊ. त्या पाड्यावर तिघांनी मला तीन कारणे सांगितली. भगताचे म्हणणे, पोराला बाहेरची बाधा आहे; त्यासाठी कोंबडेही कापून झाले होते. शेजारीण म्हणाली, आई सोडून जाते म्हणून पोर रागावते. आणि आपल्याच मंडळीतल्या एका थोर माणसाने, मनापासून आणि प्रेमानेच, मला सांगितले की हा दुष्टात्म्याचा प्रकार आहे, प्रार्थना करा. प्रार्थना आम्ही केलीच, करतोही. पण ज्या पोराचा कान सडत आहे त्याला दुष्टात्मा लागल्याचे सांगितले, तर कान तसाच राहतो आणि वर त्या घराकडे पाहण्याची लोकांची नजर बदलते. हे मी जरा कडक लिहीत असेन. या मुलाच्या बाबतीत अगदी असेच घडले म्हणून लिहिते.

शास्त्राने काय शोधले

मूल स्वतःला मारून घेते ते का, याचा नीट विचार शास्त्रातही फार जुना नाही. १९७७ साली एडवर्ड कार या मानसशास्त्रज्ञाने तोवरचे संशोधन एकत्र मांडून सांगितले की या वागण्याचे एकच एक कारण शोधू नका. एक मूल लक्ष वेधण्यासाठी करत असेल, दुसरे नकोसे काम टाळण्यासाठी, तिसऱ्याला त्या हालचालीतूनच काही संवेदना मिळत असेल आणि चौथ्याला शरीराचे दुखणे असेल. वागणे चौघांचे सारखेच दिसेल.

पुढे १९८२ मध्ये बाल्टिमोर येथील केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासण्याची एक पद्धत काढली. स्वतःला इजा करणारी नऊ मुले त्यात होती. प्रत्येकाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली पंधरा-पंधरा मिनिटे वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवले गेले. एकदा शिक्षक काम सांगे आणि मूल स्वतःला मारू लागले की काम थांबवी. एकदा मोठे माणूस आपल्या वाचनात गढलेले असे आणि मुलाने मारून घेतले की "असं करू नकोस" म्हणून जवळ येई. एकदा मूल एकटे. आणि एकदा नुसता खेळ: खेळणी आहेत, माणूस आहे, काम काही नाही. कोणत्या परिस्थितीत मारून घेणे वाढते ते मोजले. नवांपैकी सहा जणांत अगदी स्पष्ट फरक दिसला, आणि तो सर्वांचा सारखा नव्हता.

१९९४ मध्ये याच गटाने १५२ जणांचा हिशेब छापला. सुमारे ३८ टक्के जण नकोशा गोष्टीतून सुटका मिळवण्यासाठी स्वतःला इजा करत होते, सुमारे २६ टक्के लक्ष किंवा खाऊ-वस्तू मिळावी म्हणून, आणि जवळजवळ तेवढेच कोणी असो वा नसो, त्या क्रियेतूनच काही मिळते म्हणून. थोड्यांची कारणे मिश्र होती आणि थोड्यांची सापडलीच नाहीत. हे आकडे मी मुद्दाम दिले, कारण आपल्याकडे सर्वांत आधी तोंडात येणारे वाक्य "लक्ष वेधायला करतो" हेच असते. माझ्याही तोंडात तेच आले होते.

माझी चूक

मी त्या घरी दोन सकाळी बसले. दोन्ही दिवशी मुलाने डोके आपटले की आजी हातातले काम टाकून धावायच्या, त्याला छातीशी धरायच्या. मी मनात म्हटले, झाले, उत्तर मिळाले. आजींना सांगितले, "मेढीला गोधडी गुंडाळा, आणि तो आपटायला लागला की त्याच्याकडे बघू नका. आपोआप थांबेल." आजींनी मान डोलावली.

चौथ्या दिवशी अंगणवाडी सेविकेचा फोन आला. कपाळ फुटले होते. गोधडीच्या मेढीवर आपटून काही होईना तेव्हा त्याने उंबऱ्यावर आपटले होते. आणि त्याच्या उजव्या कानातून पू येत होता. सेविका म्हणाली, कान तर अधूनमधून नेहमीच वाहतो. हे मी विचारलेच नव्हते.

मी आपटण्यानंतर काय होते ते पाहिले होते. आधी काय होते ते पाहिलेच नव्हते. आणि त्याआधी जे करायला हवे, म्हणजे शरीर तपासणे, तेही केले नव्हते. आजींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याने बरे वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटले.

म्हणून आता आमच्या केंद्रात पहिला नियम हा आहे: बोलता न येणाऱ्या मुलाचे वागणे बिघडले, विशेषतः अचानक बिघडले, की आधी डॉक्टर. कान, दात, बद्धकोष्ठ, पोटातील जंत, लघवीची जळजळ, खरूज, फिट्स, झोप. माती खाणाऱ्या मुलाचे रक्त तपासायचे, कारण लोह कमी असले की माती खाण्याची ओढ लागू शकते. वाटेल तेव्हा गालावर मारून घेणाऱ्या एका मुलीची किडलेली दाढ काढल्यावर आमचे बाकीचे सारे नियोजन फाईलमध्येच राहिले.

या मुलाला उपजिल्हा रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी कान साफ केला, थेंब दिले, कान कोरडा ठेवायला सांगितले. रात्री उठून आपटणे दोन आठवड्यांत थांबले. दिवसाचे कमी झाले, पण उरले.

चार करवंट्या

उरलेल्याचे कारण शोधायचे तर नोंद हवी. शिकलेल्या आईला आम्ही वहीत तीन रकाने आखून देतो: आधी काय चालले होते, मुलाने काय केले, लगेच नंतर काय झाले. मत लिहायचे नाही, "हट्टीपणा केला" असे नाही, डोळ्यांना दिसले तेवढेच. आजींना लिहिता येत नाही. मग अंगणवाडी सेविकेनेच युक्ती काढली. चार करवंट्या घेतल्या आणि एक डबा चिंचोके. पहिल्या करवंटीवर आजींनी पिठाच्या बोटाने तांब्या काढला: म्हणजे त्याला काही करायला लावले तेव्हा आपटले, अंघोळ, कपडे, जेवण काहीही. दुसरीवर शेळी: म्हणजे आजी दुसऱ्या कामात होत्या. तिसरीवर भाकरी: म्हणजे त्याला काही हवे होते आणि मिळाले नाही. चौथी कोरी: म्हणजे काही नसताना, आपला आपण. प्रत्येक वेळी एक चिंचोका. शेळीचे चित्र इतके देखणे होते की ते पुसले जाऊ नये म्हणून ती करवंटी आजींनी मागे ठेवली आणि आठवडाभर तिच्यात टाकायला वाकत राहिल्या.

सात दिवसांनी मोजले. तांब्याच्या करवंटीत ४१. शेळीच्या ५. भाकरीच्या ७. कोरीत २.

म्हणजे लक्ष वेधणे नव्हतेच. त्याला काहीतरी टाळायचे होते, आणि तांब्याच्या करवंटीतले बहुतेक चिंचोके सकाळच्या अंघोळीचे होते. मग अंघोळ पाहायला बसले. पौष महिना, विहिरीचे पाणी, आणि आजी डोक्यावरून तांब्या ओतत. पाणी थेट त्या कानात जात असे. आता सगळे जुळले. कान दुखत असताना पाणी पडले की तो डोके आपटत असेल. आपटले की आजी घाबरून अंघोळ थांबवत, जवळ घेत. दुखणे तिथल्या तिथे थांबे. असे कितीतरी सकाळी झाले असेल. कान बरा झाला, पण आपटल्यावर नको ते थांबते एवढे शिक्षण पक्के राहिले. मग ते अंघोळीपुरते राहिले नाही. सदरा घालताना, घास भरवताना, अंगणवाडीत बसवतानाही तेच.

ज्या गोष्टीने वागणे टिकते तिला शास्त्रात प्रबलन म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ एवढाच की त्या वागण्याला बळ मिळते. आजींची माया हे इथे प्रबलन नव्हते. अंघोळ थांबणे हे होते. मी मायेवर बोट ठेवले होते.

मोठ्या केंद्रांत याहून तपशीलवार साधने असतात. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने भारतीय मुलांसाठी १९९२ मध्ये एक मापनश्रेणी तयार केली. तिच्या दुसऱ्या भागात त्रासदायक वागण्याचे ७५ प्रकार दहा गटांत दिले आहेत आणि प्रत्येकाला कधीच नाही, कधीकधी, वारंवार असे शून्य ते दोन गुण द्यायचे असतात. आम्ही ती वर्षातून दोनदा भरतो. तिच्यावरून किती आहे ते कळते. कशासाठी आहे ते मात्र घरी बसून, आधी-नंतर पाहूनच कळते, आणि उपाय त्यावरच ठरतो.

उपाय

पहिल्यांदा अंघोळ बदलली. पाणी कोमट. डोक्यावरून ओतणे बंद, ओल्या फडक्याने पुसून घेणे. डॉक्टरांना विचारून कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. एवढ्यानेच चिंचोके निम्म्यावर आले. मुलाला सुधारायला निघण्याआधी त्याच्याभोवतीचे नकोसे जेवढे काढता येईल तेवढे काढावे. यात हरल्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट, त्याला "पुरे" म्हणायला शिकवले. तोंडाने येत नाही, तर हाताने. तळहात समोर उभा करायचा. शिकवताना एक जण पुढे, एक मागे. पुढच्याने फडके अंगाला लावायचे, तो चिडायच्या आत मागच्याने त्याचा हात हलकेच धरून उभा करायचा, त्याच क्षणी पुढच्याने थांबायचे आणि हसून म्हणायचे, "पुरे." दिवसातून वीस-पंचवीस वेळा, अंघोळीला, जेवताना, कपडे घालताना. सहाव्या दिवशी हात त्याने स्वतःहून उचलला. कार यांनी मार्क ड्युरंड यांच्याबरोबर १९८५ मध्ये चार मुलांवर हेच दाखवले होते: काम अवघड वाटते म्हणून जी मुले बिघडत होती त्यांना मदत मागायला शिकवले, कौतुक हवे असलेल्यांना कौतुक मागायला, आणि त्रासदायक वागणे खूप उतरले. मात्र शिकवलेली खूण मुलाच्या खऱ्या गरजेला लागू पडायला हवी. सुटका हवी असलेल्या मुलाला खाऊ मागायला शिकवून डोके आपटणे थांबत नाही.

इथे पुष्कळ जण विचारतात, असे केले तर तो कधीच अंघोळ करणार नाही ना? सुरुवातीला खरोखरच तशी वेळ येते. पहिला आठवडा प्रत्येक हाताला मान द्यायचा, अंघोळ अर्धी राहिली तरी चालेल. खुणेवर त्याचा विश्वास बसला की मग हळूहळू ताणायचे. हात उभा केला की "हो, एक तांब्या, मग पुरे." पुढे दोन. आजी मोठ्याने मोजत. मोजणे कुठे संपते ते कळले की मूल थांबू शकते. होळीपर्यंत तो पाच तांब्यांवर आला होता, अंगावरून, डोक्यावरून नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. आपटल्याने आता काम थांबता कामा नये, नाहीतर जुनी वाट तशीच राहते. पण इजाही होता कामा नये. म्हणून आपटू लागला की न ओरडता डोके आणि मेढ यांच्यामध्ये आपला हात किंवा उशी ठेवायची, फडक्याचा एक हात फिरवायचा, मग त्याचा तळहात उचलून द्यायचा आणि तेव्हा थांबायचे. थांबणे खुणेला मिळाले, आपटण्याला नाही. यात एक धोका सांगितलाच पाहिजे. जुने वागणे चालेनासे झाले की ते जाण्याआधी काही दिवस उसळते. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपटणे इतके वाढले की शेजारी गोळा झाले. आम्ही दोघे जण तिथे होतो, आणि असे होईल हे आजींना आधीच सांगून ठेवले होते, म्हणून निभावले. जे मूल स्वतःला जोराने इजा करते त्याच्या बाबतीत, जाणकार माणूस जवळ नसताना, "लक्ष देऊ नका, थांबेल" हा सल्ला कोणी कोणाला देऊ नये. मी दिला होता, त्याचा व्रण त्याच्या कपाळावर आहे.

मारणे, कोंडणे, खांबाला बांधणे, तापल्या सळईने चटका देणे हे उपाय अजूनही होतात. मारल्याने त्या क्षणी मूल गप्प होते, म्हणून मारणाऱ्याला ते लागू पडल्यासारखे वाटते. (म्हणजे बळ मिळते ते मारणाऱ्याच्या वागण्याला.) मुलाला मात्र "पुरे" कसे म्हणायचे ते मारून कळत नाही.

औषधांविषयी थोडे. रिस्पेरिडोन नावाचे औषध स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झाले आणि आपल्याकडचे डॉक्टरही ते देतात. इजा मोठी असेल, बाकी काही करायलाच सुचत नसेल, तेव्हा ते उपयोगी पडते. पण त्याने वजन वाढते, झोप येते, तपासण्या लागतात, आणि औषध मुलाला नवे काही शिकवत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये. दुसऱ्या मुलाची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या आम्ही दोन घरांत पाहिल्या आहेत.

होळीला आईवडील आले. चार दिवसांत वडिलांनी मायेने सगळे उलटे केले. पोराने डोके हलवले की अंघोळ बंद, वर बिस्किट. राग धरण्यासारखे त्यात काही नव्हते. पाच महिन्यांनी भेटलेले मूल कोणाला रडवावेसे वाटेल? आम्हीच त्यांना आधी सांगायला हवे होते. चिंचोके पुन्हा वाढले. मग आईला दोन दिवस शेजारी बसवून हात शिकवला, वडिलांनाही. यंदा दिवाळीनंतर ते त्याला भट्टीवर घेऊन गेले. झोपडीला मेढ नाही, पण चोहोकडे विटांचे थर आहेत. आई आठवड्यातून एकदा मुकादमाच्या फोनवरून बोलते. करवंट्या नेल्या नाहीत. दोरीला गाठी मारते. गेल्या आठवड्यात नऊ गाठी. शून्य नाही, आणि होईल असे मी सांगितलेले नाही.

आपल्या मंडळीत

असे एखादे मूल आपल्या उपासनेलाही येत असेल, किंवा येत होते आणि आता येत नसेल. ढोलकी, टाळ्या, ध्वनिक्षेपक, एवढी माणसे. ते किंचाळते, आई त्याला बाहेर नेते, ते गप्प होते. आता आपण सगळे ओळखू शकाल की काय घडले: किंचाळल्यावर आवाजातून सुटका झाली. पुढच्या वेळी ते लवकर किंचाळेल. मग कोणीतरी मागे वळून पाहील, कोणी आईला शिस्तीविषयी दोन शब्द सांगेल, आणि एके दिवशी ते कुटुंब येणे सोडेल.

त्यांना दाराजवळची जागा ठेवा. किंचाळायच्या आधीच, पहिल्या गीतानंतर, त्याला बाहेर फिरवून आणा. ठरल्या वेळी मिळालेली सुटका किंचाळून मिळवावी लागत नाही. कानावर घालायचे हेडफोन काही मुलांना फार उपयोगी पडतात. खाऊ द्यायचा तर शांत असताना द्या, किंचाळल्यावर नको. त्याला एक काम द्या: गीतपुस्तके वाटणे, अर्पणाची थैली धरणे. संडे स्कूलच्या शिक्षकांनी त्याची खूण आईकडून शिकून घ्यावी आणि सर्वांनी तीच वापरावी. उपदेश थोडा आखूड झाल्यास मुलांच्या वतीने आमची हरकत नाही, हे पाळकसाहेबांना नम्रपणे कळवते.

कागदपत्रांचेही सांगते, कारण यात पुष्कळ कुटुंबांचा लाभ राहून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे; त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढचे उपचार मोफत असतात. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, लाज वाटते म्हणून तर मुळीच नाही. पुढील तपासणी जिल्हा पातळीवरच्या लवकर निदान व उपचार केंद्रात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे धरली आहेत, त्यांत स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही आहेत. चाळीस टक्क्यांहून कमी नसलेल्या दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण आहे, आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी मूळ कागद घरी सुरक्षित ठेवून झेरॉक्स बरोबर न्याव्यात.

ज्यांच्या घरी किंवा शेजारी असे मूल आहे त्यांनी केंद्रात येताना एक आठवड्याची नोंद घेऊन यावे. वही असो, चिंचोके असोत वा दोरीच्या गाठी. कान आणि दात आधी डॉक्टरांना दाखवलेले असावेत. आणि जमल्यास घरातील जे माणूस त्या मुलाची रोज अंघोळ घालते, त्यालाच बरोबर आणावे. आम्हाला जास्त बोलायचे असते ते त्याच्याशी.